वाळवंटातील महानगर : बोनकोड्याच्या खाडीवरून दुबईकडे

भूगोलाच्या तासाला वाळवंटाचा विषय निघाला की फळ्यावर उंट व खजुराचे झाड काढावे, ‘दिवसा अतिशय उष्ण, रात्री अतिशय थंड’ हे वाक्य मुलांकडून घोकून घ्यावे आणि पुढील पाठाकडे वळावे, असा पुष्कळ शाळांतील प्रघात आहे. या वर्णनात खोटे फारसे नाही. परंतु त्यात माणूस नाही. ज्या वर्गातील एखाद्या मुलाचा मामा, चुलता किंवा खुद्द वडील त्या वाळवंटात कामास आहेत, त्या वर्गात तर हे वर्णन फारच तोकडे पडते. कोकणपट्टीतील कितीतरी घरांचे माणूस आखाती प्रदेशात असते. अशा मुलांच्या मनात दुबई म्हणजे एक तर सोन्याची नगरी असते, नाही तर वडिलांना दूर नेऊन ठेवणारे एक अज्ञात स्थळ असते. या दोहोंच्या मधले खरे शहर त्यांना दाखविणे हा या पाठाचा हेतू होय.

आरंभ गावापासूनच करावा. बोनकोडे हे ठाणे खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून वसलेले गाव. भातशेती, मासेमारी आणि खाडीकाठची मिठागरे यांवर या पट्ट्यातील आगरी व कोळी कुटुंबे जगत. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या आणि शेतांच्या जागी नवे शहर उभे राहिले. 1992 पासून तेथे नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार आहे. आज गावठाण मध्ये आणि भोवती इमारती, असे दृश्य तेथील मुले रोज पाहतात. शहर म्हणजे पूर्वापार असलेली वस्तू नव्हे, एका आयुष्यात ते उभे राहू शकते, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. आजोबांना विचारले तरी पुरे.

दुबईचाही जन्म खाडीकाठचाच. तेथील लोक खाडीला ‘खोर’ म्हणतात. समुद्रातून मोती काढणे, मासे धरणे आणि गलबतांवरून व्यापार करणे हे त्या लहानशा बंदराचे जीवन होते. आखातातील मोत्यांची मोठी पेठ मुंबईत होती. जपानात कृत्रिम रीतीने मोती पिकविण्याची विद्या सिद्ध झाल्यावर 1930 नंतरच्या दशकात तो धंदा कोसळला आणि बंदरावर हलाखीचे दिवस आले. 1960 च्या सुमारास गाळाने भरत चाललेली खाडी उपसून खोल करण्यात आली, मोठी गलबते आत येऊ लागली आणि व्यापार पुन्हा वाढला. तेल सापडले ते त्यानंतर, 1966 साली. दुबई केवळ तेलावर उभी राहिली असे सरसकट सांगितले जाते, त्या समजास या सनावळीने चांगलाच छेद जातो. आणखी एक गोष्ट मुलांस नवल वाटेल अशी आहे. 1966 पर्यंत तेथील बाजारात भारतीय रुपयाच चालत असे. 1959 पासून आखातासाठी त्याच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या, एवढाच फरक.

यापुढे ऊन. येथे शिक्षकाने घाई करू नये. बोनकोडे सुमारे 19 उत्तर अक्षांशावर आहे, दुबई 25 वर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही उत्तरेस. अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्यात उभी करावी. मे महिन्याच्या मध्यास आकाश निरभ्र असेल तर भर मध्यान्ही तिची सावली नाहीशी झालेली दिसेल. जुलैच्या अखेरीसही सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा तो ढगांआड असतो. दुबईत हा शून्य सावलीचा क्षण कधीच येत नाही. जूनच्या 21 तारखेस मध्यान्हीलाही तेथील काठीची जेमतेम 3 सेंटिमीटर सावली उरते. मग मुलांस विचारावे, ‘सूर्य आपल्या माथ्यावर येतो, त्यांच्या येत नाही, तरी उन्हाळा त्यांचा अधिक कडक का?’ उत्तर लगेच देऊ नये. आपल्याकडे ऐन उन्हाळ्यावर पावसाळा येऊन पडतो. जूनमध्ये ढग येतात, जमीन भिजते आणि हवा निवते. तेथे ढगच येत नाहीत. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर दुबईत सरासरी शंभरेक मिलिमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये तेथील दुपारचे तापमान 40 अंशांच्या वर राहते.

समुद्र शेजारी असून पाऊस का नाही, हा प्रश्न हुशार मुलगा विचारतोच. त्या पट्ट्यावर वरची हवा सतत खाली उतरत असते. उतरताना ती तापते व कोरडी होते आणि खालच्या दमट हवेला वर चढून ढग होऊ देत नाही. म्हणून बाष्प असूनही पाऊस नाही. ‘वाळवंट म्हणजे कोरडी हवा’ हे वाक्यही दुबईला पुरते लागू पडत नाही. ऑगस्टमध्ये थंड केलेल्या इमारतीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा धुरकटतात आणि अंगावरील घाम वाळत नाही. खाडीकाठच्या मुलांना हा घाम परिचयाचा आहे.

वीज येण्यापूर्वी लोक तेथे कसे राहत, हे सांगितल्यास मुलांची कल्पना चालू लागते. प्रवाळाचे दगड व गच यांची जाड भिंतींची घरे, अरुंद बोळ, जेणेकरून एका भिंतीची सावली दुसरीवर पडावी. आणि घरावर चौकोनी वातमनोरा, ज्याला तेथे ‘बारजील’ म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी उघडा असे. वारा कोणत्याही दिशेने येवो, तो आतील पडद्यांवर आदळून खालच्या खोलीत उतरे. ही युक्ती इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणली. छतासाठी लाकूड तेथे मिळत नसे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून खारफुटीचे वासे येत आणि त्या वाशांच्या लांबीवर खोलीची रुंदी ठरे. गरीब कुटुंबे खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. कोकणातील झापांशी त्यांचे नाते सहज जुळते. खाडीलगतच्या अल फहिदी भागात वातमनोऱ्यांची काही घरे आजही राखलेली आहेत.

पाण्याचा भाग हा या पाठाचा गाभा मानावा. मिठागरात खाडीचे पाणी अडवितात. ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ माणसाच्या हाती राहते. दुबईत नेमके उलटे करावे लागते: पाणी ठेवावयाचे आणि मीठ समुद्रास परत द्यावयाचे. समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ करतात व ती थंड करून गोडे पाणी मिळवितात. त्यासाठी वीजनिर्मितीत उरणारी उष्णता उपयोगी पडते. अलीकडे दाब देऊन सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळण्याची रीतही वाढत आहे. वर्गात एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवावे. समुद्राचे पाणी सामान्यतः तितके खारट असते, आखाताचे त्याहून थोडे अधिक. त्यातील थोडे पाणी एका पसरट भांड्यात घेऊन मध्ये वाटी ठेवावी, वर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधावा आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवावा. दिवसभर उन्हात ठेवल्यावर वाटीत जमलेले पाणी मुलांस चाखू द्यावे. ते चार-दोन चमचेच निघेल. तेवढ्यावरून महानगराच्या रोजच्या पाण्याला किती इंधन लागत असेल, याचा अंदाज त्यांचा त्यांनीच करावा. तेथील बागांना वापरलेले सांडपाणी शुद्ध करून झाडांच्या मुळाशी थेंबथेंब देतात, हेही येथेच सांगावे.

अशा शहरात माणसे सुखाने राहतात का? राहतात. नोव्हेंबर ते मार्च हा तेथील आनंदाचा काळ. दिवसाचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, रात्री सुखद गारवा. संध्याकाळी कुटुंबे डबे घेऊन उद्यानांत आणि समुद्रकाठी बसतात, ‘अब्रा’ नावाच्या होड्यांतून खाडी ओलांडतात, निवलेल्या वाळूच्या टेकड्यांवर मुले घसरगुंड्या खेळतात. मराठी मंडळी गणेशोत्सव मांडतात आणि मीना बाजारात सणाचे सामान मिळते. 2009 पासून मेट्रो धावते. 2010 साली पुरी झालेली बुर्ज खलिफा ही इमारत 828 मीटर उंच, म्हणजे माथेरानच्या पठाराएवढी, हे सांगताच मुलांचे डोळे विस्फारतात. उन्हाळ्यात मात्र सारे जीवन दारांआड जाते आणि बाजार रात्री फुलतो. पावसाची सवय नसलेल्या त्या शहरावर 16 एप्रिल 2024 रोजी एकाच दिवसात वर्षभराहून अधिक पाऊस कोसळला आणि रस्त्यांवर तळी झाली.

परंतु हा गारवा सर्वांच्या वाट्यास सारखा येत नाही. इमारती बांधणारा, रस्ते झाडणारा मजूर उन्हात असतो. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करविण्यास तेथील कायद्याने बंदी आहे. मजुरांच्या वस्तीच्या एका भागाला बोलीत ‘सोनापूर’ म्हणतात. एका खोलीत अनेकांनी राहून तेथून घरी पैसे पाठवावयाचे असतात. वर्गात कोणाचे वडील किती पैसे पाठवितात, हे शिक्षकाने कधीही विचारू नये. त्याऐवजी घड्याळाचे गणित द्यावे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, तेथील साठची. अंतर साडेबावीस अंश, एका अंशास चार मिनिटे, म्हणून दीड तास. रात्री नऊ वाजता येथे मुलगा दूरध्वनीवर बोलतो तेव्हा वडिलांचे साडेसात झालेले असतात. ते नुकतेच कामावरून परतलेले असतील. हे गणित मुले विसरत नाहीत.

मोठ्या वर्गांतील पालकांपर्यंत एक माहिती अवश्य पोहोचवावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्यास नोकरीसाठी त्या देशात जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्यान्वये सरकारी परवानगी लागते आणि नोंदणी असलेल्या दलालामार्फतच जाणे सुरक्षित असते. पर्यटनाच्या परवान्यावर पाठवून ‘तेथे गेल्यावर काम देऊ’ म्हणणाऱ्याकडे पैसे देऊन फसलेली कुटुंबे गावोगाव आहेत.

पाठाचा शेवट वर्गाबाहेर करता आला तर उत्तम. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरतात. 2015 साली तेथे त्यांचे अभयारण्य झाले. दुबईच्या खाडीच्या टोकाशी, रास अल खोर येथेही हिवाळ्यात हेच गुलाबी पक्षी दिसतात, मागे उंच इमारती आणि पुढे तिवरांची झाडे. दोन्ही पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत आहेत, ती 2007 पासून आणि ही 2022 पासून. मुलांना भरती-ओहोटीची वेळ पाहून मोठ्यांच्या सोबतीने काठावर न्यावे, पक्षी मोजावयास लावावेत आणि आकडा, तारीख व वेळ वहीत लिहून घ्यावी. ज्याचे कोणी तिकडे असेल, त्याने तोच आकडा पुढच्या दूरध्वनीत कळवून तिकडचा विचारावा.