लिंबावर कीड? आधी पान पाहा, मग पाकीट उघडा

गोंदिया धानाचा जिल्हा. कृषी केंद्राच्या फळीवर माल धानाचाच जास्त. तिरोड्यात काय नि आमगावात काय, "लिंबावर कीड पडली" एवढंच सांगाल तर तुडतुड्यांचं औषध हातात पडायचं. लेबलवर लिंबू, संत्रा किंवा मोसंबी लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

निघण्याआधी पान उलटून पाहा. पानात चंदेरी, वळणदार रेषा म्हणजे नागअळी. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची. पाच-दहा झाडं असतील तर हाताने वेचा, खर्च शून्य. पानांवर काजळी चढली की लोक बुरशीनाशक आणतात. पैसे वाया! ती कोळशी, तिचं मूळ पानामागच्या काळ्या माशीत असतं. फळाची साल तांबूस, खरबरीत झाली तर कोळी. त्याला साधं कीटकनाशक नको, कोळीनाशक किंवा पाण्यात मिसळणारं गंधक मागा.

ओळख पटत नाही? कीड लागलेली डहाळी पिशवीत घालून हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. किंवा किसान कॉल सेंटर: 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, मोफत.

आता हिशेब. 6 बाय 6 मीटरवर एकरी 110 झाडं. मोठ्या झाडाला 8 लिटर धरा: 880 लिटर पाणी, 15 लिटरच्या पंपाने जवळपास 59 टाक्या. समजा, 250 मिलीची बाटली 600 रुपयांना आणि मात्रा लिटरला 2 मिली. सात बाटल्या, 4,200 रुपये, मजुरी वेगळी. म्हणून बाटलीचा भाव विचारू नका, एकरी खर्च विचारा. धुऱ्यावर कडुनिंब असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क घरीच होतो: 100 लिटरला 5 किलो निंबोळी.

सोबत "टॉनिक" गळ्यात मारलं जातं, नको म्हणा. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो, वर एक रुपया देऊ नका. गंधक आणि तेल एकत्र फवारू नका, पानं भाजतात; दोघांत किमान दोन आठवडे जाऊ द्या. मास्क, हातमोज्यांचे पैसे वाचवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसं गेली.

पंपाला अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमतीआधी पंप घेतलात तर अनुदान बुडालं.

औषध बनावट निघालं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. पण बॅच क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल आणि बाटली हाताशी नसेल, तर दोन्हीकडे तुमची बाजू लंगडी.