वहीवर तारीख घाला

एम.ए.च्या पहिल्या सत्रातला ‘संशोधन पद्धती’ हा पेपर म्हणजे नुसती ४ श्रेयांकांची भरती, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणायच्या, घोकायच्या, मोकळं व्हायचं. मला विचाराल तर अख्ख्या एम.ए.त कामाला आला तो हाच पेपर. याच्यामुळे माझी पदवी वाचली. राग अजून गेलेला नाही. तोही या लिखाणात येईल, त्याला इलाज नाही.

माझा प्रोजेक्ट सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या बोलीवर होता. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार बायकांच्या हक्काच्या दहा हजार घरांची. तिथे घरोघर बसून मी मुलाखती घेतल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कामाचे शब्द दोन्हीकडचे. सूप मांडीवर घेऊन, पानं कातरत त्या बोलायच्या. हात थांबवणं परवडत नाही, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि माल देताना छाट निघाली की तेवढी मेहनत फुकट. सगळ्यांनी एकच अट घातली: काय लिहायचं ते लिही, आमचं नाव नको, काम बंद होईल.

अशा वेळी काय करायचं ते पेपरात शिकवलेलं होतं. संमती घ्यायची, टोपणनावं द्यायची, खऱ्या नावांची यादी वेगळ्या पाकिटात बंद ठेवायची. मी त्यांना सिंधू, कुमुद आणि विमल अशी नावं दिली. ही माझ्या दोन आत्यांची आणि मावशीची नावं. त्या तेलुगू घरांत ती मला कुठे ऐकू आली नव्हती, म्हणूनच निवडली.

तिसऱ्या सत्रात दोन प्रकरणं गाईडकडे तपासायला दिली, सॉफ्ट कॉपीसकट. ‘ठेव, बघतो,’ म्हणाले. पुढे त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. चौथ्या सत्रात पूर्ण प्रोजेक्ट जमा केला आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट आला तो ६० टक्क्यांच्या वर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. मला समितीपुढे बोलावलं.

माझा मजकूर ज्या लेखाशी जुळत होता तो लेख तिथे मी पहिल्यांदा पाहिला. चर्चासत्राच्या आयएसबीएनवाल्या पुस्तकात छापलेला, माझ्या गाईडच्या एकट्याच्या नावाने. ते समोरच बसले होते आणि समितीला सांगत होते, ‘हल्लीची मुलं आमचेच लेख उतरवतात.’ मी पानं उलटत गेले. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: सिंधू, कुमुद व विमल या कामगार भगिनींशी प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष संवाद साधला.

हात गार पडले माझे. लेखात उताऱ्यामागून उतारा माझा होता, पण त्या क्षणी मला दिसल्या त्या माझ्या आत्या आणि मावशी. कधी विडीच्या पानाला हात न लावलेल्या, कुंभारी न पाहिलेल्या.

मी एवढंच विचारलं, ‘सर, यातली सिंधू कोण? राहते कुठे?’ ते म्हणाले, नावं आता लक्षात नाहीत, आणि हा मुद्दा गौण आहे. मग मी बंद पाकीट टेबलावर ठेवलं. वही ठेवली, तिच्यात प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, गल्ली. फोनमधली रेकॉर्डिंग्ज दाखवली, प्रकरणं पाठवल्याचा ईमेल दाखवला. अध्यक्षबाईंनी पाकीट उघडलं नाही, त्या बायकांचा शब्द राखला. त्यांनी वही मात्र पानन्‌पान वाचली.

मी सुटले. पण इतिवृत्तात काय लिहिलं? ‘गैरसमजातून उद्भवलेला विषय निकाली.’ गैरसमज कोणाचा, कसला, याबद्दल अवाक्षर नाही. नंतर ‘मोठ्या माणसांशी कशाला वाकडं घेतेस’ हेही ऐकवलं गेलं.

तुमच्यापैकी कोणी आत्ता प्रोजेक्टच्या मागे असेल, तर माझं ऐका. कोणता मजकूर कशाशी जुळतो एवढंच सॉफ्टवेअर सांगतं, आधी कोणी लिहिलं ते सांगत नाही. छापलेल्या लेखाला तारीख असते, तुमच्या कपाटातल्या कच्च्या खर्ड्याला नसते. ती तुम्हीच घालायची. खर्डा गाईडला द्यायचा तो ईमेलनेच. पेन ड्राइव्हने दिलात तर दिल्याचा पुरावा राहत नाही. जुना खर्डा पुसून त्यावरच नवा लिहू नका, वेगळ्या नावाने ठेवा.

टिपण काढताना दुसऱ्याचं वाक्य असेल तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक. ‘नंतर बघू’ म्हटलं की महिन्याभराने ते वाक्य तुम्हाला स्वतःचंच वाटू लागतं. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधला मजकूर असल्या सॉफ्टवेअरला धड वाचता येत नाही आणि मग रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. बाकी वाचन भरपूर करा, वेळेत सुरुवात करा, हे सगळे सांगतातच.

आणि हा पेपर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हात जोडून सांगणं आहे. संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा हे शिकवाच, पण विद्यार्थ्याच्या कामावर विद्यार्थ्याचं नाव लागतं, हेही एका तासात सांगा. शक्य झालं तर तो तास स्टाफरूममध्ये घ्या.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक: तक्रार तोंडी करू नका. अर्ज लिहा, दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. तो लेख मागे घ्यावा म्हणून दिलेल्या माझ्या अर्जालाही आवक क्रमांक आहे. उत्तर अजून आलेलं नाही.