ग्रंथतालिकेत आपल्या गावाचा शोध

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात समाविष्ट होते. साहजिकच या भागाच्या इतिहासाची बरीच साधने आजही हैदराबादेत आहेत. अफझलगंज येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक प्रमुख स्थान होय. १८९१ साली ते आसफिया ग्रंथालय या नावाने स्थापन झाले.

ग्रामेतिहास लिहू इच्छिणारा शिक्षक तालिकेत ‘अंबाजोगाई’ हा शब्द पाहतो, हाती फारसे लागत नाही, आणि ‘साधनेच उपलब्ध नाहीत’ असा निष्कर्ष काढून तो परततो. हा निष्कर्ष घाईचा ठरतो. ग्रंथावर जे नाव छापलेले असते, त्याच नावाने तालिकेत त्याची नोंद होते. म्हणून शोधास आरंभ करण्यापूर्वी पुढील तयारी करावी.

(१) नावांची यादी : निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत बीड ‘भीर’ असे, तर नांदेड ‘नांदेर’ असे आढळते. आजचा धाराशिव जिल्हा पूर्वी उस्मानाबाद व त्याआधी नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. गावाबरोबरच तालुका व जिल्हा यांचीही जुनी नावे पाहावीत.

(२) वर्षाचे रूपांतर : निजाम सरकारच्या अहवालांवर फसली सन असे. त्यात ५९० मिळविल्यास ते वर्ष सुरू झाल्याचा इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३२१ म्हणजे इसवी सन १९११-१२.

(३) लेखक कोण : प्रशासकीय अहवाल, जनगणनेचे वृत्तांत इत्यादी प्रकाशनांस बहुधा व्यक्ती लेखक नसते. शासन अथवा संबंधित खाते हेच लेखक मानले जाते. ‘हैदराबाद राज्य’ या शीर्षकाखालील नोंदी अवश्य तपासाव्यात.

(४) विषय व भाषा : लहान गावावर स्वतंत्र ग्रंथ क्वचितच असतो. त्यासाठी जिल्हा, जमीन महसूल, जहागिरी, शिक्षण अशा व्यापक विषयांकडे वळावे. उर्दू व फारसी नोंदींसाठी जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

उपयुक्त ग्रंथ सापडताच त्याचा वर्गांक टिपून घ्यावा. त्याच वर्गांकाखाली त्या विषयाचे इतर ग्रंथ मिळतात. ग्रंथाच्या अखेरीस दिलेली संदर्भसूचीही पुढील शोधाची दिशा दाखविते.

गावातील वृद्धांच्या आठवणी काळाबरोबर लोप पावत आहेत. त्यांची लेखी पुराव्याशी सांगड घालणे हे आजच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे. केवळ नाव बदलल्यामुळे तो पुरावा दुर्लक्षित राहू नये.