शंभर रुपयांचं सेन्सरी किट

मुलांच्या स्पर्शाच्या खेळासाठी ऑनलाइन ‘सेन्सरी प्ले किट’ मागवलंत तर काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत मोजावे लागतात. डब्यातून निघतात रंगवलेले तांदूळ, चणे, एक लाकडी चमचा आणि चिमटा. यातलं बहुतेक सगळं जवळच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, उरलेलं ओट्याखालच्या कपाटात सापडतं.

आणायचं काय? अर्धा किलो जाडा रवा, साधारण 25-30 रुपये. एक किलो खडे मीठ, 20-25. पाव किलो साबुदाणा, 20 च्या आसपास. दुकानागणिक थोडाफार फरक पडेल, पण शंभराची नोट मोडून सुट्टे परत येतात. परात, चाळणी, वाट्या, डाव घरातलेच. खाली जुनी चादर अंथरा आणि वेळ लादी पुसायच्या आधीची निवडा. वन आरकेतही हे जमतं.

दीड-दोन वर्षांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून त्याला शिजवून गार केलेला साबुदाणा द्या. बोटांत धरावा तर निसटतो, सोडावा तर चिकटतो. पोरं बराच वेळ त्यात गुंततात. भिजवलेले पोहे, मऊ भात, दहीसुद्धा चालतं. तीन वर्षांपुढच्यांसाठी परातीत रव्याचा पातळ थर द्या, बोटाने रेघोट्या मारू द्या. चाळणीतून खडे मीठ खाली पडत नाही, रवा पडतो, हे त्यांचं त्यांना कळू द्या. मात्र हातावर खरचटलेलं असेल तर मीठ झोंबेल, आणि ते मूठभर खाल्लं जात नाही ना, इकडे लक्ष हवं.

राजमा, चणे, वाटाणे, शेंगदाणे तीन वर्षांच्या आत अजिबात नकोत. नाकात गेलेला वाटाणा ओलाव्याने फुगतो. तो घरी चिमट्याने ओढू नका, थेट डॉक्टर गाठा. कच्चा राजमा चावून खाल्ला गेला तर उलट्या होऊ शकतात. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी तर घरातच आणू नका, पोटात जाऊन फुगले तर आतडं अडतं. पाण्याचा टब असेल तर मिनिटभरही उठायचं नाही, दार वाजलं तरी.

घरातल्या आजी म्हणतील, अन्नाशी खेळू नये. त्यांचं चुकत नाही. म्हणून माझं मत असं की निम्मा खेळ स्वयंपाकातूनच काढावा. हात धुऊन कणकेचा एक गोळा मुलाला द्या. फक्त कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका. त्याने लाटलेला वेडावाकडा नकाशा तव्यावर टाकला की पोळी होते. कोथिंबीर निवडणं, लसणाच्या साली फुंकरीने उडवणं, याला तर एक पैसाही लागत नाही.

यात नवं काही नाही. पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, डहाणूपुढच्या बोर्डीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडला त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ खडे, पानं, बिया, शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच बालवाडी चालवत होत्या. महाग मॉन्टेसरी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती.

खेळलेला रवा वेगळ्या डब्यात ठेवा. आधी कोरडा भाजून घेतलात तर लवकर किडे पडत नाहीत. मीठ मात्र पावसाळ्यात पाणी सोडतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याचे 25 रुपये वाचवा.