रद्द झालेली बस

परतावा मिळाला ना, मग तक्रार कसली, असं ऑफिसातली निम्मी माणसं विचारून गेली. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. परत आलेल्या २,४०० रुपयांत ऐन दिवाळीच्या तोंडावर दोन माणसं बंगळूरहून कोल्हापूरला कशी पोचतात, ते त्यांनी एकदा शोधून बघावं.

तिकिटं गणपतीतच काढून ठेवली होती. स्लीपर, खालचा डबल बर्थ. प्रवासाच्या दिवशी दुपारी मेसेज आला: तांत्रिक कारणामुळे बस रद्द. ठीक आहे, गाड्या बिघडतात. दुसरी शोधायला तेच ॲप पुन्हा उघडलं, तर सगळ्यात वर तीच कंपनी, तीच साडेनऊची वेळ, तीच मल्टीॲक्सल स्लीपर. भाव तिपटीच्या वर. सीटच्या नकाशात अख्खी गाडी भरलेली, रिकामे फक्त चार-पाच बर्थ आणि त्यांत आमचे दोन्ही. बिघाड गाडीत नव्हता, आमच्या स्वस्त तिकिटात होता.

फोन कोणी उचलेना, म्हणून खासगी बस सुटतात त्या आनंदराव सर्कलला गेलो. बस उभी होती. नंबरप्लेट नागालँडची, गाडीने नागालँड कधी पाहिलं असेल असं वाटलं नाही. एजंट खुर्चीतून न उठता म्हणाला, “सर, स्वल्प ॲडजस्ट माडी.” म्हणजे जरा सांभाळून घ्या. बंगळुरात दुधाची पिशवी फाटकी निघाली तरी हेच ऐकावं लागतं, त्यामुळे त्याचं नवल नाही. मी मोबाइलवर आमचे बर्थ दाखवले. त्याने पाहिलंही नाही. “ऑनलाइन का मामला ऑनलाइन पूछो. सीट चाहिए तो कॅश दो.” हे बोलता बोलता तो समोरच्या तक्त्यावर आमच्याच बर्थपुढे कुणाचं तरी नाव लिहीत होता. मी ते वाचू शकत होतो, हे त्याला दिसत होतं. तरी लिहिणं थांबलं नाही. ॲपवाले म्हणाले, आम्ही फक्त तिकीट विकतो. वर शंभर रुपयांचं कूपन पाठवलं, सणासुदीच्या तारखांना लागू नसलेलं.

माझा भाचा जर्मनीत शिकतो. तो म्हणाला, तिकडे २५० किलोमीटरच्या वरचा बसप्रवास कंपनीने रद्द केला, तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या मार्गाने जायचं, हे प्रवासी ठरवतो. कंपनीने ही निवड दिलीच नाही तर वर तिकिटाच्या निम्मी भरपाई. युरोपीय संघाचा २०११ चा कायदाच आहे तसा. आपल्याकडेही कागद आहेत. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा महाराष्ट्राचा २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे. तो आनंदराव सर्कलपर्यंत पोचलेला नाही, एवढंच.

आम्ही गेलो ते मॅजेस्टिकच्या बसस्थानकावरून, सरकारी साध्या लाल बसने. हुबळी, बेळगाव, निपाणी असे तुकडे करत. पाठ मोडली, पण खर्च बघून बायको हसायला लागली. शक्ती योजनेत जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळे निपाणीपर्यंत तिचा एक रुपयाही गेला नाही. आधारवर पत्ता कर्नाटकचा हवा. राजहंस, ऐरावत अशा महागड्या बसला हे चालत नाही, सीमेपलीकडे जाणाऱ्या थेट बसच्या भरवशावरही राहू नका. निपाणीला उतरायचं आणि कोल्हापूरची गाडी धरायची. महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीला बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पुरुषांनी मुकाट्याने पूर्ण भाडं द्यावं.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. गणपतीनंतर निवांत बघू म्हणणाऱ्यांना राणी चन्नम्मा मिळत नाही. ही गाडी घेऊन मिरजेला उतरावं, तिथून कोल्हापूर जवळच. वेटिंग मिळालं तर त्याचा प्रकार बघा. जीएनडब्ल्यूएल पुष्कळदा सरकतं; पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असेल तर त्याच्या जिवावर घरी फराळाचा निरोप देऊ नका. तत्काळ एसीचं दहाला, बिगर-एसीचं अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते, ती आदल्या आठवड्यातच उरकावी.

खासगी बसनेच जायचं असेल, तर रद्द झाल्याचा मेसेज आला की आधी त्याच बसचा सीट-नकाशा नव्या भावासकट, वेळ दिसेल असा टिपून ठेवा. तासाभरात तो बदलतो. भांडायचं नंतर. बसचा नंबरही घ्या. परतावा ॲपच्या वॉलेटमध्ये घेऊ नका, खात्यातच मागा. आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माझी नोंदवलेली आहे आणि मी ती सोडणार नाही. पाणी, पॉवर बँक वगैरे सगळ्यांना ठाऊक असतं.

पुण्याच्या मंडळींना उद्यान एक्सप्रेस आहे. गुंतकल, सोलापूर असा वळसा घेते म्हणून लोक नाकं मुरडतात. मुरडू देत, तेवढीच रांग कमी.