कर्ज लिहून ठेवा

शेजाऱ्याकडून आपण पैसे उसने घेतो. कागद करत नाही. "आपल्या माणसांत कसला कागद?" असं म्हणतो. वर्ष जातं. तो म्हणतो, दीडशे दिले होते. आपण म्हणतो, शंभरच. झालं, भांडण जुंपलं. आणि खरं पाहिलं तर दोघांतला लबाड कोणीच नसतो. एकाला विसर पडलेला असतो, इतकंच.

अरबस्तानात चौदाशे वर्षांपूर्वी हेच होत होते. तिथले पुष्कळ लोक व्यापारी. उंटांचे तांडे घेऊन दूरच्या मुलखात जायचे. उधारी-उसनवारी रोजचीच, पण लिहिता येणारी माणसे थोडी. मुसलमानांचा धर्मग्रंथ कुराण. त्यातल्या वचनाला आयत म्हणतात. सगळ्या कुराणात सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, सांगा पाहू? नमाजाबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. ती आहे उधारी लिहून ठेवण्याबद्दल! दुसऱ्या अध्यायातली २८२ वी आयत.

तिचा आशय असा. मुदतीचा व्यवहार केला तर तो लिहा. रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका. लिहिणाऱ्याने खरे तेच लिहावे. साक्षीला दोन पुरुष घ्यावे. दोन न मिळाले तर एक पुरुष आणि दोन बायका. (या साक्षीच्या हिशेबाबद्दल आज मुसलमान विद्वानांतही वाद आहे.) लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला कोणी त्रास देऊ नये. प्रवासात लिहिणारा मिळाला नाही तर तारण ठेवावे, असे लगेच पुढच्या आयतीत आहे. रोख व्यवहार हातोहात झाला तर कागद नसला तरी चालेल.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. कागदाचा मजकूर सांगायचा कोणी? पैसे देणाऱ्याने? नाही. ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याने! तो अजाण किंवा दुबळा असला तर त्याच्या पालकाने. म्हणजे देणेकरी स्वतःच्या तोंडाने जेवढे कबूल करील, तेवढेच कागदावर चढेल. आपल्याकडे किती कागद याच्या उलट झाले! सावकाराच्या माणसाने लिहायचे आणि कुळाने नुसता अंगठा उठवायचा. आत काय आहे ते कुळाला कोर्टात कळायचे.

याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. व्यापार करा, पण व्याज घेऊ नका. आणि देणेकरी अडचणीत असला तर त्याला सवड द्या. कर्ज सोडून दिलेत तर अधिक चांगले.

"व्याज नाही, तर पैसा देईल कोण?" असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या शेतातच आहे. आपण जमीन अर्धेलीने देतो ना? जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे. पीक आले तर दोघांना वाटा. पाऊस गेला तर दोघेही बसले. पैशाचेही तसेच करायचे. समजा, विणकराला माग घ्यायला एकाने भांडवल दिले. नफ्यातला कोणाचा किती वाटा, ते आधीच ठरवून लिहिले. नफा झाला, वाटून घेतला. तोटा आला, तर पैसा पैसेवाल्याचा गेला आणि विणकराचे कष्ट फुकट गेले. मात्र विणकराने हयगय किंवा लबाडी केली असेल तर भरपाई त्यानेच करायची.

हे नुसते पोथीत राहिले का? इजिप्त देशाचे पाहू. तिथे १९४९ साली नवा दिवाणी कायदा लागू झाला. त्याने व्याज बंद केले नाही. पण ठरवून घ्यायच्या व्याजाला शेकडा ७ ची मर्यादा घातली आणि एकूण व्याज साधारणपणे मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असे ठरवले. आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, तसेच हे.

पण ज्याला व्याज मुळीच नको, त्याने काय करावे? नाईल नदीच्या खालच्या मुलखात मित गम्र नावाचे गाव आहे. तिथे १९६३ साली अहमद अल-नज्जार या अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने एक बचत बँक काढली. जर्मनीत शिकत असताना त्यांनी तिथल्या गावोगावच्या बचत बँका पाहिल्या होत्या. तोच घाट त्यांनी घेतला, पण व्याज वगळले. थोडे पैसेही ठेवता यायचे. ठेवीवर व्याज नाही. जो बचत करी त्याला अडीनडीला लहान कर्ज मिळे, तेही बिनव्याजी. धंद्यासाठी ठेवलेल्या पैशाला नफ्यात वाटा. आणि जकातीचा, म्हणजे धर्मादायाचा, पैसा गरिबांसाठी वेगळा.

त्या वेळी सरकारला धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांचा संशय होता. म्हणून बँकेच्या नावात इस्लाम हा शब्द घातला नाही. पण लोकांनी ओळखले. तीन-चार वर्षांत खातेदार अडीच लाखांच्या घरात गेले. तरी १९६७ च्या सुमारास ती दुसऱ्या बँकांच्या ताब्यात गेली आणि बिनव्याजी काम थांबले. पुढे १९७१ साली सरकारनेच नासर सोशल बँक ही बिनव्याजी बँक स्थापली. १९७५ साली दुबईतही इस्लामी बँक निघाली. आज अशा बँका अनेक देशांत आहेत.

त्यांत सगळे अर्धेलीसारखे चालते असे मात्र समजू नका. बहुतेक बँकांना तोट्यात वाटा नको असतो. त्या निराळे करतात. शेतकऱ्याला पंप हवा. बँक तो शंभराला विकत घेते आणि त्याला एकशे पंधराला हप्त्यांनी विकते. "हे व्याजच की हो, नाव तेवढं बदललं!" असं पुष्कळ लोक म्हणतात. मलाही ते थोडे पटते. उलट, १९८९ साली इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी काही सरकारी बचतपत्रांवर मिळणारी रक्कम घेण्यास हरकत नाही असे मत दिले. तेही अनेक विद्वानांना मान्य झाले नाही. वाद अजून चालू आहे.

पण पंपाच्या त्या सौद्यात एक अट आहे. बँकेने पंप कितीला घेतला आणि वर किती चढवले, हे दोन्ही आकडे शेतकऱ्याला सांगावे लागतात. एकदा ठरलेली किंमत मग वाढत नाही. हप्ता चुकला तरी एकशे पंधराचे एकशे तीस होत नाहीत.