विषवाणिज्य आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

पेठेत रोज उलाढाल होणाऱ्या मालात काही माल असा असतो, की तो मोजून दिला व पैसे घेतले म्हणजे व्यवहार पुरा झाला असे म्हणता येत नाही. शेतीची कीटकनाशके, धान्याला धुरी देण्याच्या गोळ्या, सोनारकामाचे नत्राम्ल, बॅटरीतील गंधकाम्ल, मोरी-संडास धुण्याचे तीव्र ॲसिड ही त्याची परिचित उदाहरणे होत. आपल्या समाजातील कित्येक बंधू या मालाचा व्यापार करतात. कित्येकांच्या गोदामात तो दुसऱ्या मालाबरोबर सहज येऊन पडतो. म्हणून या व्यापारावरील निर्बंध का निर्माण झाले आणि त्यांच्या पालनात व्यापाऱ्याचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शास्त्राची साक्ष घेऊ. श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी गृहस्थाने वर्ज्य करावयाचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांना कर्मादाने म्हणतात, आणि त्यांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांपैकी हिंसादान म्हणजे शस्त्र, अग्नी, विष यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, आणि प्रमादचर्या म्हणजे निष्कारण व बेसावध वर्तन. दोन्ही परंपरांचा रोख एकच आहे. विष ज्याने पाजले तो दोषी आहेच. पण ते ज्याने पुरविले तोही आपल्या कर्मापासून सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग हा व्यापारच सोडावा. ज्यांना सोडणे शक्य आहे त्यांनी तो सोडावा, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. शास्त्राज्ञा सौम्य करून सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु आपण दुकान बंद केल्याने हा माल पेठेतून नाहीसा होत नाही, आणि ज्यांचा प्रपंच त्यावरच उभा आहे अशा बंधूंना केवळ निषेध ऐकवून भागत नाही. त्यांनी निदान तीन प्रश्न प्रत्येक व्यवहारात स्वतःला विचारावेत: हा माल कशाच्या शेजारी राहणार, कोणत्या भांड्यात जाणार आणि कोणाच्या हाती पडणार? या प्रश्नांची उपेक्षा झाली म्हणजे काय घडते, हे आपल्याच देशाच्या इतिहासावरून पाहू.

पहिला प्रश्न शेजाराचा. 1958 साली केरळात व लगतच्या मद्रास राज्यात दूषित अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. पॅराथिऑन नावाचे अतिजहाल कीटकनाशक आणि खाद्यपदार्थ यांची वाहतूक एकत्र झाली, विष गळले आणि ते अन्नात शिरले. यात कोणी कोणाचा घात योजिला नव्हता. दोन माल शेजारी ठेवले गेले, एवढेच झाले होते. या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे 1968 चा कीटकनाशक अधिनियम व 1971 चे नियम जन्मास आले. ज्या इमारतीत माणसांचे वा जनावरांचे खाद्य तयार होते, साठविले जाते किंवा विक्रीस मांडले जाते, तेथे कीटकनाशके ठेवू नयेत, असा निर्बंध त्या नियमांत आहे. नोंदणी झालेल्या व नियमाप्रमाणे बांधणी असलेल्या घरगुती कीटकनाशकांच्या किरकोळ विक्रीपुरती सवलत आहे. तिचा अर्थ ताणू नये. एकाच छपराखाली एका बाजूस पेंड-सरकी आणि दुसऱ्या बाजूस फवारणीचे डबे हे चित्र दिसले, की केरळातील ती घटना आठवावी.

धान्याच्या व्यापाऱ्यांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतील ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फीन नावाचा प्राणघातक वायू सुटू लागतो. या विषावर खास असा उतारा नाही. म्हणूनच ही धुरी शासकीय यंत्रणांनी अथवा कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांनी, तीही मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी, असा निर्बंध आहे. चार गोळ्या कागदात बांधून ओळखीच्या गिऱ्हाइकाला घरच्या कणगीसाठी देणे हा उपकार नव्हे. ज्या घरात माणसे निजतात त्याच घरात तो वायू पसरतो.

दुसरा प्रश्न भांड्याचा. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका गावच्या प्राथमिक शाळेतील मुलांनी दुपारचे जेवण घेतले आणि त्यांपैकी 23 बालके दगावली. स्वयंपाकाला वापरलेल्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. विष मूळच्या डब्यात, मूळच्या चिठ्ठीसह असते तोवर ते स्वतःची ओळख सांगत असते. दुसऱ्या बाटलीत ओतले, की ते मुके होते आणि तेल, पाणी वा सरबत यांच्या रांगेत जाऊन बसते. यास्तव सुटे कीटकनाशक वा ॲसिड गिऱ्हाइकाने आणलेल्या बाटलीत ओतून देण्याची चाल सर्वथा बंद झाली पाहिजे. रिकामा डबाही धुऊन वापरण्याजोगा नसतो, हे प्रत्येक खरेदीदाराला तोंडी सांगितले पाहिजे.

तिसरा प्रश्न हाताचा. बिहारची ती घटना घडल्यावर दोनच दिवसांनी, 18 जुलै 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ॲसिडच्या किरकोळ विक्रीविषयी महत्त्वाचा आदेश दिला. ॲसिडहल्ल्यांत चेहरे व आयुष्ये उद्ध्वस्त होत असता तेच ॲसिड किराणा दुकानात कोणालाही मिळत होते, ही त्यामागील पार्श्वभूमी. 1919 च्या विषविषयक अधिनियमाने विषाच्या विक्रीवर नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला होता. पण राज्याराज्यांत त्या कामी फार ढिलाई राहिली होती. न्यायालयाने सांगितले, की विक्रेत्याने नोंदवही ठेवून तीत खरेदीदाराचे नाव, पत्ता व दिलेले प्रमाण लिहावे. शासनाने दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र पाहावे. खरेदीचे कारण विचारावे. अठरा वर्षांखालील कोणासही ॲसिड देऊ नये. आणि आपल्याजवळील साठा पंधरा दिवसांच्या आत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवावा. उल्लंघन झाल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. ॲसिडहल्ला हा त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 124 अन्वये त्याला किमान दहा वर्षांचा कारावास आहे.

परंतु कारावास हा हल्ल्यानंतरचा उपाय आहे. त्याआधी एक क्षण असा येतो, की ॲसिडची बाटली अजून विक्रेत्याच्या हातात असते आणि कारण विचारण्याचा अधिकार त्याला असतो. दंडाधिकारी तेथे नसतो, न्यायाधीशही नसतो. त्या क्षणी कायद्याचे रक्षण एकटा विक्रेता करीत असतो. खोट्या नावाने भरलेली अथवा महिनाअखेरीस एका बैठकीत लिहून काढलेली नोंदवही हा त्या क्षणाचा विश्वासघात होय.

या तीन प्रश्नांपाठोपाठ ज्ञानाचा प्रश्न येतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. त्यांनी विष प्यालेले नव्हते. अंगावर उडालेल्या तुषारांतून, त्वचेतून व श्वासातून ते शरीरात गेले. आपल्या भाषेत या मालाला सर्रास ‘औषध’ म्हणतात: फवारणीचे औषध, उंदराचे औषध. या गोड नावामुळे हातमोजे व तोंडावरचे फडके अनावश्यक वाटू लागते. डब्यावरील चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात लाल रंग असल्यास ते अतिजहाल विष, पिवळा असल्यास जहाल, निळा असल्यास मध्यम आणि हिरवा असल्यास त्याहून सौम्य, हा संकेत विक्रेत्याने प्रत्येक शेतकऱ्याला बोट ठेवून दाखवावा. लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, थरकाप, धाप ही लक्षणे दिसताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि डबा वा त्यावरील चिठ्ठी घेऊन दवाखाना गाठावा, हेही सांगावे. कारण उतारा कोणता द्यावयाचा हे त्या चिठ्ठीवरून डॉक्टरांना कळते.

आमच्या सीमाभागात या कर्तव्याला एक विशेष बाजू आहे. चंदगडकडचा मराठी शेतकरी बेळगावच्या पेठेत येतो, तसाच बैलहोंगलकडचा कन्नड शेतकरीही येतो. माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबर त्या भागातील भाषेतही छापावे असा नियम आहे. पण बारीक अक्षर वाचता न येणाऱ्याला छापील भाषा कोणतीही असली तरी सारखीच. पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषांत व्यवहार करणारा आपला व्यापारी मात्र ते दोघांनाही समजावून सांगू शकतो. ही पात्रता परवान्याने मिळत नाही. ती आपल्याजवळ आधीच आहे.

तेव्हा आमची व्यापारी बंधूंना विनंती आहे, की येत्या पाडव्याला वहीपूजन होईल तेव्हा जमाखर्चाच्या वहीशेजारी विषविक्रीची नोंदवहीही मांडावी, आणि वर्षभर ती त्याच काटेकोरपणे लिहावी. गुमास्त्याला व दुकानात बसणाऱ्या मुलांना वरील प्रश्न पाठ करवावेत. संशय येताच माल नाकारावा आणि त्या नकाराने बुडालेला नफा तोट्याच्या बाजूस मांडू नये. श्रावकाच्या वहीत ती जमाच होय.